समृद्धीवर पहिल्यांदा गाडी काढताना : झोपेचा हिशेब घरीच करा

नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीसाठी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाल्यावर नागपूरपासून ठाणे जिल्ह्यापर्यंतचा ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता तयार झाला. मोटारींना या रस्त्यावर सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. दुचाकी आणि रिक्षा यांना प्रवेश नाही. वाटेत सिग्नल नाही, गाव नाही, गतिरोधक नाही, समोरून येणारे वाहन नाही. ज्यांनी नुकताच परवाना काढला आहे किंवा पहिली गाडी घेतली आहे, त्यांना असा रस्ता चालवायला सर्वांत सोपा वाटतो, आणि हात-पायांपुरते ते खरेही आहे. मात्र जुन्या रस्त्यावर गिअर, हॉर्न, वळणे, मध्येच आडवी येणारी म्हैस आणि एसटीच्या मागची धूळ हे सगळे मिळून चालकाला जागे ठेवत असत. समृद्धीने ते काम चालकाकडून काढून घेतले आहे आणि रिकाम्या बसलेल्या मेंदूला पेंग येते.

मी स्वतः हा रस्ता पहिल्यांदा चालवला तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजून गेले होते. सिंदखेडराजाची हिरवी पाटी पाहिल्याचे मला स्पष्ट आठवते. त्यानंतरची आठवण थेट मेहकरच्या पाटीची आहे. मध्ये दुसरबीडचा फाटा लागतो. तो मला आठवेना. डोळे उघडे होते, हात स्टिअरिंगवर होते, गाडी आपल्या लेनमध्ये होती, शेजारी पत्नी गाढ झोपलेली होती, आणि त्या सगळ्या पट्ट्यात गाडी कोण चालवत होते हे मला आजही सांगता येणार नाही. या अवस्थेला हल्ली ‘महामार्ग संमोहन’ म्हणतात. ती पुरती झोप नसते, पण झोपेच्या उंबरठ्यावरची असते, आणि समोर एखादा बंद पडलेला ट्रक उभा असता तर तो मला दिसला असता असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

पुढचे मार्गदर्शन पुण्याहून किंवा मुंबईहून पहिल्यांदा विदर्भाकडे स्वतः गाडी घेऊन निघणाऱ्यांसाठी आहे. यातले बहुतेक निर्णय घरी बसून घ्यायचे आहेत. डोळ्यावर झापड आलेला माणूस स्वतःच्या झोपेचा अंदाज घेण्यास सर्वांत अपात्र असतो. ‘अजून तासभर सहज जाईन’ असे त्याला वाटते, ते त्याच्या त्या वेळच्या मेंदूला वाटत असते.

पहिली पायरी : आज किती वाजता उठलो, हे आधी मोजा

निघण्याची वेळ ठरवताना आपण पोचण्याची वेळ मोजतो. ‘रात्री नऊला निघालो की सकाळी आठला नागपूर’ हे गणित सर्वांना तोंडपाठ असते. त्याऐवजी सकाळी किती वाजता उठलो तेथून मोजायला सुरुवात करावी. समजा, शुक्रवारी तुम्ही सकाळी साडेसहाला उठलात, दिवसभर कार्यालयात काम केलेत आणि रात्री नऊला पुण्याहून निघालात. रात्री साडेअकराला, म्हणजे अहिल्यानगरच्या आसपास, तुम्हाला जागे होऊन १७ तास झालेले असतात. सलग १७ ते १९ तास जागा असलेला माणूस प्रतिक्रियेच्या चाचण्यांमध्ये जितका मंदावतो, ते मंदावणे रक्तात १०० मिलिलिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतके असल्याचे संशोधकांना आढळले आहे. २४ तास जागा असल्यास ते साधारण १०० मिलिग्रॅमच्या पातळीला जाते. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. थेंबभरही न घेता तुम्ही त्या मर्यादेपलीकडच्या माणसासारखी गाडी चालवत असता, आणि नाक्यावरच्या पोलिसाच्या यंत्रात मात्र शून्य दिसते.

या हिशेबात दुसरी एक अडचण आहे. शरीराचे स्वतःचे घड्याळ मध्यरात्रीनंतर साधारण २ ते ६ या वेळात सर्वांत खाली उतरते, आणि दुपारी २ ते ४ या वेळात पुन्हा एकदा, थोडे कमी, उतरते. रात्री नऊला पुण्याहून निघालेली गाडी छत्रपती संभाजीनगरला पहाटे दोनच्या सुमारास पोचते आणि तेथून समृद्धीवर चढते. म्हणजे सबंध प्रवासातला सर्वांत सरळ आणि एकसुरी भाग नेमका झोपेच्या ऐन वेळेला वाट्याला येतो. रात्रीच्या प्रवासात रहदारी कमी, ऊन नाही, दिवस वाया जात नाही, हे तीनही फायदे खरे असले तरी नवख्या चालकाने पहिला प्रवास रात्री करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पहाटे साडेपाचला निघा. त्यासाठी आदल्या रात्री साडेनऊला झोपावे लागेल, सामान संध्याकाळीच डिकीत भरावे लागेल आणि ‘निघता निघता’ होणाऱ्या घरगुती चर्चा आधी उरकाव्या लागतील.

दुसरी पायरी : आदला दिवस

प्रवासाच्या आदल्या रात्री किमान सात तास झोप हवी, आणि त्याच्याही आधीच्या दोन रात्री जागरणाच्या नसाव्यात, कारण झोपेची थकबाकी साचत जाते आणि एका रात्रीत फिटत नाही. सर्दीच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्या घेत असाल तर पाकीट वाचा. क्लोरफेनिरामाइन असलेल्या गोळ्यांनी हमखास झोप येते, सेट्रिझिननेही अनेकांना येते, आणि खोकल्याच्या काही औषधांचे तसेच आहे. डॉक्टरांना ‘उद्या मला गाडी चालवायची आहे’ एवढे एक वाक्य सांगितले तर ते दुसरी गोळी सुचवू शकतात. जे रात्री मोठ्याने घोरतात, घोरताना मध्येच त्यांचा श्वास अडतो आणि पुरेसे झोपूनही दिवसा ज्यांना पेंग येते, त्यांनी स्लीप ॲप्निया आहे का हे तपासून घ्यावे. यांची झोप घड्याळात आठ तासांची आणि शरीरात चारच तासांची असते.

तिसरी पायरी : थांबे कागदावर लिहा

दर दोन तासांनी किंवा साधारण दीडशे किलोमीटरनंतर थांबायचे, हा नियम सर्वांना ऐकून माहीत असतो; तो मोडतो तो थांबा आधी ठरवलेला नसल्यामुळे. समृद्धीवर वाटेल तेथे बाजूला घेऊन टपरीवर चहा पिता येत नाही. बाहेर पडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत आणि एक चुकली की पुढच्या जागेपर्यंत बरेच अंतर जावे लागते. म्हणून संभाजीनगरहून नागपूरकडे जाताना जालना, मेहकर, कारंजा लाड आणि वर्धा ही नावे एका कागदावर लिहून तो डॅशबोर्डवर चिकटवावा आणि त्यातल्या कोणत्या दोन ठिकाणी उतरायचे ते घरीच ठरवावे. रस्त्यालगत पेट्रोल पंप आणि खाण्याची सोय असलेल्या जागाही आहेत. त्या कुठे आहेत ते नकाशात आदल्या दिवशी पाहून ठेवावे. ‘बाहेर पडलो तर टोल दुप्पट बसेल’ ही भीती अनेकांना असते. येथील टोल जेवढे अंतर तेवढा घेतला जातो, त्यामुळे मेहकरला उतरून तासाभराने पुन्हा चढल्यास एकूण रकमेत फारसा फरक पडत नाही.

थांबा म्हणजे खाली उतरणे. गाडीतच बसून वेफर्स खाणे हा थांबा नव्हे. दहा मिनिटे चालावे, पाणी प्यावे, आणि जेवण हलके ठेवावे. ढाब्यावरची शेवभाजी आणि चार भाकऱ्या परतीच्या वाटेवर, रात्रीच्या मुक्कामी खाव्यात.

चौथी पायरी : शेजारी कोण बसणार

चालकाच्या शेजारची जागा ही जागरणाची जागा आहे. तेथे बसणाऱ्याने झोपायचे नाही, आणि झोप आली तर मागे जाऊन दुसऱ्याला पुढे बसवायचे. मी पत्नीला त्या रात्री झोपू दिले ते मायेपोटी. आता तिचाच नियम आहे की पुढे बसायचे तर पाट्या मोठ्याने वाचायच्या. हे ऐकायला पोरकट वाटते, पण पाटी वाचल्यावर चालकाकडून ‘हं’ आले नाही की तिला कळते.

दोन चालक असतील तर एकजण गाडी चालवत असताना दुसऱ्याने मागच्या आसनावर खरोखर झोपावे. दोघेही पुढे बसून गप्पा मारत जागे राहिले तर चार तासांनी गाडीत दोन थकलेले चालक असतात आणि पाळी बदलून काही हाती लागत नाही. वेग आपोआप कायम ठेवणारी क्रूझ कंट्रोलची सोय असली तरी नवख्यांनी ती एकट्याने चालवताना वापरू नये, कारण उजव्या पायाला जे थोडेफार काम उरलेले असते तेही ती काढून घेते. नव्या गाड्यांमध्ये पडद्यावर कॉफीच्या कपाचे चित्र उमटते किंवा लेन सुटल्यास स्टिअरिंग थरथरते. ही सूचना आली तर ती ऐका, पण न आली म्हणून आपण ताजेतवाने आहोत असे समजू नका.

पाचवी पायरी : झापड ओळखा

डुलकी येण्याआधी शरीर बराच वेळ सांगत असते. लागोपाठ जांभया येतात आणि डोळे चुरचुरतात. वेग आपोआप शंभरवरून ऐंशीवर येतो आणि लक्षात आल्यावर आपण तो दचकून पुन्हा वाढवतो. डोक्याला मागे टेकावेसे वाटते, क्षुल्लक गोष्टीवरून मागच्या मुलांवर चिडचिड होते, समोरच्या ट्रकचे लाल दिवे कधी इतके जवळ आले ते कळत नाही. चाके कडेच्या खडबडीत पट्टीवर जाऊन खरखर आवाज येतो. यातल्या जांभया आणि चुरचुरणारे डोळे ही सुरुवात समजावी आणि पुढच्या ठरलेल्या थांब्याची तयारी करावी. शेवटचे काही किलोमीटर आठवत नसतील किंवा पट्टीची खरखर एकदा जरी ऐकली, तर मात्र पुढचा जो फाटा येईल तेथे, मग तो कागदावर असो वा नसो, बाहेर पडावे.

याचे कारण अंकगणितात आहे. डुलकी तीन-चार सेकंदांची असते आणि अनेकदा ती लागून गेल्याचे आपल्याला कळतही नाही. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. चार सेकंदांत ती १३३ मीटर जाते, म्हणजे कबड्डीची दहा मैदाने लांबीने एकापुढे एक मांडली तर तेवढे अंतर, आणि ते सगळे चालकाविना. दारू प्यालेला चालक उशिरा का होईना ब्रेक मारतो. झोपलेला मारतच नाही. म्हणून अशा अपघातांच्या जागी रस्त्यावर अनेकदा टायर घासल्याच्या खुणाच सापडत नाहीत आणि धडक पूर्ण वेगाने बसते, बहुधा कठड्याला किंवा कडेला उभ्या असलेल्या ट्रकच्या मागच्या बाजूला.

काच खाली करणे, एसी गार करणे, मोठ्याने गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे, हिरवी मिरची चावणे आणि विदर्भात तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकणे, हे उपाय प्रत्येक जुना चालक सांगतो. त्यांनी पाच-दहा मिनिटे बरे वाटते. झोप त्यांनी जात नाही, आणि बरे वाटलेल्या त्या दहा मिनिटांत आपण मागचा फाटा सोडून पुढे आलेलो असतो.

चुकून डोळा लागलाच आणि गाडी रस्त्याच्या कडेला गेल्यावर जाग आली, तर स्टिअरिंग झटक्याने आत ओढू नये; त्या वेगात गाडी उलटण्याची शक्यता असते. स्टिअरिंग घट्ट आणि सरळ धरावे, ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, वेग उतरू द्यावा आणि मगच हळूहळू लेनमध्ये यावे. त्यानंतर ‘आता झोप उडाली’ असे वाटते. ती भीतीने उडालेली असते आणि पंधरा मिनिटांत परत येते.

सहावी पायरी : वीस मिनिटांची झोप कशी घ्यावी

झोपेवर झोप हाच उपाय असला तरी तो नीट करावा लागतो. महामार्गाच्या कडेच्या पट्टीवर गाडी लावून झोपणे हा सर्वांत घातक पर्याय आहे, कारण मागून येणारा दुसरा कोणी पेंगत असला तर तुमचे लाल दिवे त्याला जागे करणार नाहीत. पंपाच्या आवारात, खाण्याच्या ठिकाणी किंवा फाट्याबाहेरच्या उजेडाच्या जागी गाडी उभी करावी. आधी कपभर कॉफी घ्यावी. टपरीवरचा एक कटिंग चहा कॅफीनच्या हिशेबाने कमी पडतो. कॅफीनचा परिणाम व्हायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात वीस मिनिटांची झोप होऊन जाते आणि दोन्हींचा लाभ एकत्र मिळतो. इंजिन बंद करावे, दारे आतून लावावीत, काचा बोटभर उघड्या ठेवाव्यात, आसन मागे करावे आणि मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावावा. एसीसाठी इंजिन चालू ठेवून, विशेषतः बंदिस्त जागेत, झोपू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू वासावरून कळत नाही. मे महिन्यात विदर्भात दुपारी बंद गाडीत झोपणे शक्यच नसते, तेव्हा सरळ आत जाऊन टेबलावर डोके ठेवावे. लोक पाहतात; पाहू द्यावे.

उठल्याबरोबर किल्ली फिरवू नये. तोंड धुवावे आणि पाच-दहा मिनिटे चालावे, कारण जाग आल्यानंतरही मेंदू काही वेळ अर्धवट झोपेतच असतो. आणि ही झोप म्हणजे उधारीच आहे. तिच्यावर तास-दीड तास निभावतो. रात्रभराचे उरलेले तीनशे किलोमीटर निभत नाहीत. दुसऱ्यांदा पेंग आली तर जालन्यात किंवा कारंज्यात खोली घ्यावी.

गाडी भाड्याची आणि चालक दुसरा असेल तर

हा भाग मी मुद्दाम लांबवतो आहे, कारण येथे चूक प्रवाशांची असते आणि ती कोणाला चूक वाटत नाही. शिर्डीला गेलेले कुटुंब रात्री खोलीत झोपते. चालकदादा वाहनतळावर गाडीतच, डास मारत, पुढच्या आसनावर पाय दुमडून पडलेले असतात. पहाटेच्या काकड आरतीनंतर सगळे प्रसन्न मनाने गाडीत बसतात आणि दहा मिनिटांत मागे घोरू लागतात. त्या गाडीत सर्वांत कमी झोपलेला माणूस गाडी चालवत असतो, आणि तो ते कधीही बोलून दाखवणार नाही, कारण ‘झोप येतेय’ म्हटले तर पुढच्या वेळी मालक दुसऱ्याला पाठवतील ही भीती त्याला असते.

मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्याने दिवसाचे काम ८ तासांचे आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असे ठरवले होते. हा नियम आपल्या सहलीचे वेळापत्रक आखताना कोणी पाहत नाही. गाडी ठरवतानाच मालकाला विचारावे की हे चालक आदल्या रात्री कुठून आले आहेत. रात्रीचे भाडे करून सकाळी थेट तुमच्या दारात आले असतील तर दुसरा चालक मागावा. मुक्कामी त्यांच्यासाठी खाट असलेली जागा घ्यावी, तिचा खर्च आपण द्यावा. धर्मशाळेतली खाट चारजणांच्या एका नाश्त्यापेक्षा फार महाग पडत नाही. वाटेत ‘झोप येतेय का?’ असे विचारले की उत्तर ठरलेले असते : ‘नाही साहेब, रोजचंच आहे.’ त्याऐवजी ‘दादा, मला जरा पाय मोकळे करायचेत, पुढे थांबू या’ असे म्हणावे. त्यांचा मान राहतो आणि गाडी थांबते. थांबल्यावर ‘आम्हाला अर्धा तास लागेल, तुम्ही पडा जरा’ असे सांगून खरोखर अर्धा तास दूर राहावे.

रात्रीच्या खासगी बसमध्ये एवढे हाती नसते. तरीही लांब पल्ल्याच्या बसमध्ये दुसरा चालक आहे का, हे बसताना विचारता येते, आणि बस वारंवार लेन सोडत असेल तर पुढे जाऊन सांगता येते. अपघात दिसला किंवा झाला तर १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस मिळतात. जागा सांगण्यासाठी कडेच्या किलोमीटर दगडावरचा आकडा वाचून सांगावा. ‘जालन्याच्या पुढे कुठेतरी’ म्हटल्याने गाडी शोधण्यातच वेळ जातो.

परतीचा प्रवास

जाताना सगळे जपून जातात. परतताना लग्न उरकलेले असते, दोन रात्री पाहुण्यांच्या गर्दीत अर्धवट झोप झालेली असते आणि सोमवारी कामावर हजर राहायचे असते. रविवारी दुपारी पंगतीवरून उठून दोन वाजता नागपूरच्या शिवमडक्याहून समृद्धीवर चढणे, म्हणजे भरल्या पोटी, दुपारच्या त्या उताराच्या वेळी आणि पश्चिमेला कलणारे ऊन डोळ्यांवर घेत निघणे होय. त्यापेक्षा मांडवामागच्या खोलीत तासभर आडवे व्हावे, चारला निघावे, रात्री संभाजीनगरला मुक्काम करावा आणि सकाळी पुण्याची वाट धरावी. सोमवारी कार्यालयात दुपारनंतर येणार, हा निरोप मात्र शुक्रवारी निघण्यापूर्वीच देऊन ठेवावा. रविवारी संध्याकाळी तो देण्याचा संकोच वाटतो, आणि त्या संकोचापायीच माणूस रात्रभर गाडी हाकतो.